झड अडवणारं पाखं : हॅमॉकसाठी पावसाळी टार्प निवडताना

ठाण्यात किंवा नवी मुंबईत पश्चिमेकडे खिडकी असलेल्या घरात राहणाऱ्याला झड म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. खिडकीवर छज्जा असतो, तरी जुलैत गादीचा कोपरा ओला होतो, कारण पाऊस वाऱ्याबरोबर तिरपा आत येतो आणि छज्जा वरच राहतो. दोन झाडांमध्ये टांगायच्या झोळीवर, म्हणजे हॅमॉकवर, बांधायचं कापडी छत म्हणजे टार्प. तो निवडताना हीच खिडकी डोळ्यांसमोर ठेवावी. टार्पच्या वर्णनात दोन आकडे ठळक छापलेले असतात: कापड किती मिलीमीटर पाण्याचा दाब सोसतं आणि एकूण वजन किती ग्रॅम. आपल्या पावसात रात्र कोरडी जाणार की नाही, ते मात्र टार्पची रुंदी, मधल्या कण्याची लांबी आणि कडेला दोरी बांधायच्या जागा किती यांवर ठरतं. कापडाचा दर्जा त्यानंतर पाहावा, वजन सगळ्यांत शेवटी.

हॅमॉकवरचा टार्प म्हणजे दोन झाडांमध्ये बांधलेलं कौलारू घराचं छोटं छप्परच. मधली आडवी रेघ ते आढं, दोन बाजूंचे उतार ती पाखं, खालची कड ती वळचण आणि तिथून गळतात त्या पागोळ्या. कोकणातल्या जुन्या घरांची पाखं इतकी खाली का उतरवलेली असतात आणि पावसाळ्यात पडवीला झावळ्यांचे झाप का लावतात, हे लक्षात आलं की टार्पचं अर्धं काम समजलं. म्हणून खाली हेच शब्द वापरले आहेत.

आधी हॅमॉक मोजा

टार्पची लांबी हॅमॉकवरून ठरते. बाळाची साडीची झोळी जशी दोन्ही टोकांना चुण्या गोळा करून बांधतात, तसाच आपला साधा हॅमॉक. त्यात मोठ्या माणसाला थोडं तिरकं, पाठ सपाट ठेवून झोपायचं तर ११ फुटी, म्हणजे ३३५ सेंमी कापड लागतं. झाडाकडे जाणारा पट्टा जमिनीशी साधारण ३० अंशांचा कोन करेल असा हॅमॉक टांगला, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं सरळ अंतर कापडाच्या लांबीच्या ८३ टक्के भरतं. ३३५ गुणिले ०.८३ म्हणजे २७८ सेंमी. टार्पला झाकायची असते ती ही लांबी.

आता बाजारातला सर्वांत सहज मिळणारा टार्प घ्या: ३ × ३ मीटर. ३०० वजा २७८, उरले २२, म्हणजे प्रत्येक टोकाला जेमतेम ११ सेंमी. एवढ्यात पाय भिजणारच. याउलट २७० सेंमीचा आखूड हॅमॉक टांगल्यावर २२४ सेंमी जागा घेतो, आणि तोच ३ मीटरचा टार्प त्याला दोन्ही बाजूंनी ३८ सेंमी पुरून उरतो. म्हणून ‘३ × ३ चांगला का?’ या प्रश्नाला हॅमॉक किती लांब आहे हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

टोकाला १५ सेंमी पुरे, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. शांत पावसात तो चालतो. आपल्याकडे ३० सेंमी हवं, आणि त्याचं कारण साध्या हिशोबात दिसतं. हॅमॉकचं टोक जमिनीपासून ११५ सेंमीवर आणि आढं १३० सेंमीवर आहे असं धरा. वाऱ्याने पाऊस उभ्या रेषेपासून ६० अंश कलला, तर टार्पच्या टोकाखालून शिरलेला थेंब ३० सेंमी आत येईपर्यंत १७ सेंमी खाली येतो. तो ११३ वर पोचतो आणि हॅमॉकच्या टोकाखालून निघून जातो. टोकाला १५ सेंमीच ठेवले असतील तर तो थेंब ९ सेंमीच उतरलेला असतो. म्हणजे १२१ वर, कापडाच्या वरून आत शिरतो आणि पायांवर उतरतो.

त्यामुळे ३३५ सेंमीच्या हॅमॉकला आढं किमान ११ फुटी, आणि जमलं तर १२ फुटी, म्हणजे ३६६ सेंमी घ्यावं.

चौकोनी टार्प कर्णावर बांधायची एक पद्धत आहे. ३ × ३ चा कर्ण ४.२ मीटर होतो, त्यामुळे आढं भरपूर लांब मिळतं, दोऱ्याही कमी लागतात. पण डोक्याशी आणि पायाशी पाखं निमुळतं होत जातं आणि दोन्ही बाजूंना एकेकच कोपरा खाली येतो. डिसेंबरात दव अडवायला हे उत्तम. झडीत हॅमॉकची दोन्ही टोकं बाजूंनी उघडी पडतात.

रुंदी

३ मीटर रुंद टार्पचं एक पाखं दीड मीटरचं. ते ४५ अंशांत ताणलं की आढ्यापासून बाजूला १०६ सेंमी जातं आणि तितकंच खाली येतं. आढं १३० वर असेल तर वळचण जमिनीपासून २४ सेंमीवर येते. २.१ मीटर रुंदीचा हलका टार्प घेतला, तर त्याच मापाने वळचण ५६ सेंमीवर राहते. झोपलेल्या माणसासह हॅमॉकचा तळ साधारण ४५ सेंमीवर असतो. म्हणजे वळचण हॅमॉकच्या तळापेक्षा वर राहिली, पाठीखालून वारा आणि तुषार थेट आत.

पागोळ्या कुठे पडतात हाही रुंदीचाच प्रश्न आहे. हॅमॉकची अर्धी रुंदी ४० सेंमी धरली, तर ३ मीटरच्या टार्पच्या पागोळ्या हॅमॉकपासून ६६ सेंमी लांब पडतात आणि २.१ मीटरच्या फक्त ३४ सेंमीवर. हॅमॉक झुलतो, कूस बदलताना बाजूला सरकतो, बॅग आणि बूट खाली ठेवलेले असतात. चिखलावर पडलेली पागोळी चांगलीच उडते, त्यामुळे ३४ सेंमी पुरत नाहीत. आणि पाणी थोडं नसतं. १२ × १० फुटी टार्प ४५ अंशांत लावला की तो जमिनीचा सुमारे ७.९ चौरस मीटर भाग झाकतो. तासाला ५० मिमी पाऊस झाला तर त्यावरून तासाभरात सुमारे ३९५ लिटर पाणी वाहतं, आणि ते सगळं दोन वळचणींवरून खाली येतं. म्हणून जागा अशी हवी की वळचणीचं पाणी उतारावरून बाहेर निघून जाईल. बशीसारखी खोलगट जागा दिवसा सुंदर दिसते आणि रात्री डबकं होते. चर खणत बसू नये. जमिनीची धूप होते आणि मुसळधार पावसात तो चर अर्ध्या तासात भरतोही.

षटकोनी, कडा आत वळवून कापलेले टार्प दिसायला देखणे असतात. कडेला बाक दिल्यामुळे कापड सारखं ताणलं जातं आणि वाऱ्यात फडफडत नाही, वजनही कमी. ऑक्टोबर अखेर ते मे या काळासाठी तेच घ्यावेत. जून ते सप्टेंबर बाहेर पडायचं असेल, तर टोकांना जास्तीचं कापड असलेला आयताकृती टार्प घ्यावा. ते कापड आत वळवून बांधलं की टोकाला झाप तयार होतात. दोन्ही बाजूंचे झाप रात्रभर बंद ठेवायची गरज नाही. ज्या टोकाकडून वारा येतोय तिथलेच लावावेत, दुसरं टोक उघडं ठेवावं. दोन्ही बंद केले तर आपल्या दमट हवेत आत वाफ कोंडते आणि थोड्या वेळात कापड आतून ओलं होतं.

कापड

इथे नावांचा घोळ फार होतो, म्हणून आधी तो सोडवू. ‘सिलपॉली’ म्हणजे सिलिकॉन चढवलेलं पातळ पॉलिएस्टर कापड. ‘सिलपॉलिन’ म्हणजे प्लॅस्टिकचे थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून केलेली जाड ताडपत्री, शेततळ्यात आणि गच्चीवर दिसते ती. तिच्यात सिलिकॉन नसतं. ऑनलाइन शोधताना एका अक्षराच्या फरकाने भलतीच वस्तू घरी येते.

सिलनायलॉन हे नायलॉनवर सिलिकॉन मुरवलेलं कापड. फाटायला चिवट, घडी लहान होते. पण नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की सैलावतं. संध्याकाळी ढोलासारखा ताणलेला टार्प रात्री दोन वाजता पोट सोडून हॅमॉकला टेकतो. एखाद्या सरीपुरतं हे निभावतं, पण आपल्याकडे चोवीस तास हवा ओलीच असते. सिलपॉली फाटण्याच्या बाबतीत थोडं कमी चिवट असलं तरी ओलं होऊन सैल पडत नाही. आपल्या पावसासाठी माझा कौल सरळ सिलपॉलीला. २० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) कापड चौरस मीटरला साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतं, म्हणजे १२ × १० फुटी टार्प दोऱ्यांशिवाय अर्ध्या किलोच्या जरा पुढे.

डायनीमा कंपोझिट, म्हणजे डायनीमा या अतिशय मजबूत धाग्यांवर प्लॅस्टिकचा पातळ पडदा चिकटवलेलं कापड, सर्वांत हलकं. ते पाणी पीत नाही, ताणही धरून ठेवतं. पण ते महाग आहे, घडी फुगीर होते, आणि जोरदार सरीत त्याखाली बोललेलं ऐकू येत नाही. लांब पल्ल्याच्या वाटा चालणाऱ्यांचं ते कापड आहे. कर्जत-मुरबाडला शनिवार-रविवार जाणाऱ्याने त्यावर एवढा खर्च करू नये.

पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा थर दिलेलं पॉलिएस्टर आपल्याकडे सगळ्यांत जास्त विकलं जातं. किंमत परवडणारी, शिवणींवर बहुतेक वेळा आतून टेप मारलेली, वजन सिलपॉलीच्या दीडपट-पावणेदोनपट. याचा खरा दोष घरी आणल्यावर कळतो. पीयूचा थर दमट हवेत पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन हळूहळू तुटत जातो. आधी आंबूस वास येतो, मग कापड हाताला चिकट लागतं, मग थराचे पापुद्रे निघतात. खाडीकाठच्या आपल्या शहरांत पिशवीत ओला कोंबून ठेवलेला टार्प दोन-तीन पावसाळ्यांतच असा होऊ शकतो. तो दुरुस्त होत नाही. पीयूचा घ्यायचा असेल तर पूर्ण वाळवून ठेवायची शिस्त हवी. सिलिकॉनला ही व्याधी नाही.

आणि साधी निळी ताडपत्री? १२० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅमची, ३ × ४ मीटरची ताडपत्री १ किलो ४४० ग्रॅम भरते. कडक असते, नीट ताणली जात नाही, वाऱ्यात तडतडते, डोळे (कडेला दोरी ओवायची धातूची भोकं) उपटले जातात. तरीही दोन-तीन रात्रींचा अनुभव घेऊन मगच पैसे घालायचे असतील तर ती पुरते. मे महिन्यात बाजारात कापून हव्या त्या मापाची मिळते. विकत घेताना डोळे मीटरमागे एक आहेत का आणि कडेच्या दुमडीत दोरी घातली आहे का, ते पाहावं. दोरी नसेल तर पहिल्याच वाऱ्यात डोळा कापडासकट निघतो.

पाण्याच्या दाबाचा आकडा म्हणजे कापडावर किती उंच पाण्याचा स्तंभ उभा केल्यावर ते झिरपायला लागतं ते माप. नव्या कापडाला १५०० मिमी पुरतं. वापराने थर झिजतो म्हणून २००० ते ३००० घेतलं तर बरं. ५००० चा आकडा तंबूच्या जमिनीला हवा, कारण तिथे आपण गुडघा टेकतो. छपरासाठी त्याचे जास्त पैसे देऊ नयेत.

शिवण आणि बांधायच्या जागा

आढ्यावर शिवण असेल तर ती सर्वांत धोक्याची. तिथेच सर्वांत जास्त ताण आणि ती बरोबर छातीवर. सिलिकॉनच्या कापडावर टेप बसत नाही, म्हणून शिवण स्वतः बुजवावी लागते. हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन सीलंट एक भाग आणि मिनरल टर्पेंटाइन साधारण तीन भाग, पातळ मधासारखं होईपर्यंत ढवळायचं. टार्प ताणून बांधायचा, जुन्या ब्रशने शिवणीच्या टाक्यांवर बाहेरून हात फिरवायचा, उघड्या हवेत २४ तास वाळू द्यायचं आणि वर थोडी टाल्कम पावडर मारायची, नाहीतर घडीत कापड कापडाला चिकटतं. हे काम कोरड्या हवेतच करायचं. सिलिकॉनवर फक्त सिलिकॉन धरतं. कापडाची एक बाजू सिलिकॉन आणि दुसरी पीयू असेल, तर सिलिकॉनच्या बाजूला सिलिकॉन लावावं. पीयूच्या बाजूला ते पापुद्र्यासारखं सुटतं.

बांधायच्या जागा मोजून घ्या. आढ्याची २ टोकं, ४ कोपरे, प्रत्येक वळचणीवर मध्ये किमान एक आणि झापांसाठी ४, असे १२ तरी हवेत. प्रत्येक जागी आतून जादा कापडाचा तुकडा असावा आणि पट्टीचा फास शिवलेला असावा. धातूच्या डोळ्यापेक्षा फास चांगला, कारण ताण शिवणीवर वाटला जातो. पाख्याच्या मध्यभागी बाहेर ओढायची एक जागा असेल तर सोन्याहून पिवळं. वाऱ्याने पाखं आत दाबलं जातं तेव्हा ती दोरी त्याला हॅमॉकपासून दूर धरते.

दोऱ्या, खुंट्या, गाठी

कोपऱ्यांना २.५ मीटरच्या ४ दोऱ्या, वळचणीच्या मध्याला २ मीटरच्या २, आणि आढ्यासाठी एकच १० मीटरची किंवा टोकांना ४-४ मीटरच्या दोन. जाडी पावणेदोन ते अडीच मिमी पुरते. नायलॉनची पॅराकॉर्ड टाळावी, तीही ओली होऊन ताणली जाते. पॉलिएस्टर किंवा डायनीमा घ्यावी. सुतळीचा प्रश्नच नाही.

वळचणीच्या दोऱ्यांत २० सेंमी लांब, ३ मिमी जाड इलॅस्टिकची दोरी जोडून पाहा. वाऱ्याचा झटका आला की ती लांबते आणि कापडावरचा, खुंटीवरचा धक्का कमी होतो. कापड थोडं सैलावलं तर तोही ताण ती ओढून घेते. आढ्याला मात्र इलॅस्टिक लावू नका, आढं घट्टच हवं.

आढ्याची दोरी टार्पच्या वरून न्यायची की खालून, यावर लोक वाद घालतात. एक सलग दोरी दोन झाडांना बांधून टार्प तिच्यावर टाकला की तो प्रुसिकच्या फासांनी (दोरीभोवती वेढे देऊन केलेला, ताण आला की घट्ट धरणारा आणि सैल केला की सरकणारा फास) मागेपुढे सरकवता येतो, हॅमॉकच्या मध्यावर आणणं सोपं जातं. पण दोरीवरून वाहत आलेलं पाणी मग टार्पच्या आत येतं. उपाय सोपा: टार्पच्या टोकाच्या जरा बाहेर दोरीला १५ सेंमीची सुती नाडी बांधायची, पाणी तिच्यावरून खाली गळतं. प्रुसिकचा फास मुख्य दोरीपेक्षा बारीक दोरीचा हवा, आणि गुळगुळीत डायनीमावर तीन वेढे पुरत नाहीत, एखाद-दुसरा जास्तीचा द्यावा. पाख्यांच्या दोऱ्यांना टॉटलाइन हिच, म्हणजे सरकवून ताण कमी-जास्त करता येणारी गाठ, आली की बाकी काही येण्याची गरज नाही. घसरत असेल तर एक वेढा वाढवा.

खुंट्यांबद्दल: पावसाळ्यातली आपली जमीन एक तर लोण्यासारखी मऊ असते किंवा चार बोटं मातीखाली कातळ. मऊ जमिनीत १५ सेंमीची बारीक खुंटी वाऱ्याच्या पहिल्या झोताने उपटते. २० ते २३ सेंमीची, वाय किंवा व्ही आकाराची घ्या आणि दोरीच्या उलट बाजूला कलवून ठोका. कातळावर किंवा जांभ्यावर खुंटीचा नाद सोडा. पाच-सात किलोच्या दगडाला दोरीचा वेढा द्या आणि त्यावर दुसरा दगड ठेवा. शेजारच्या झाडाचं खोड मिळालं तर त्याहून चांगलं काही नाही. भाताच्या बांधात खुंट्या ठोकू नयेत, बांध फुटला तर खाचरातलं पाणी जातं आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं.

कुठे आणि कोणत्या दिशेने

जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो. त्यामुळे झाडांची जोडी शक्यतो उत्तर-दक्षिण निवडावी, म्हणजे वारा पाख्यावर येईल, टोकावर येणार नाही. पश्चिमेचं पाखं जवळजवळ जमिनीपर्यंत उतरवावं, पूर्वेचं हवा खेळायला थोडं उचललेलं. दरीत वारा दरीच्या दिशेने वळतो, म्हणून टांगण्याआधी फांदीला एक रिबीन बांधून पाच मिनिटं पाहावं. परतीच्या पावसाचं गणित वेगळं. ऑक्टोबरच्या संध्याकाळी गडगडाटी ढग घाटाकडून, म्हणजे पूर्वेकडून येतात आणि वारा एकदम सुटतो. त्या महिन्यात दोन्ही पाखी खाली आणता येतील अशी तयारी ठेवावी. विजा चमकत असतील तर उघड्या पठारावरच्या एकट्या झाडाला बांधूच नये.

३६६ सेंमीच्या टार्पला दोन झाडांमध्ये सव्वाचार ते पाच मीटर अंतर लागतं. सागाची लागवड पुष्कळदा २ × २ मीटरवर असते, तिथे एक झाड सोडून पुढचं घेतलं तरी चारच मीटर मिळतात. मग ११ फुटी टार्प घ्यावा किंवा ओळ सोडून तिरपी जोडी शोधावी. जुन्या आमराईत झाडं १० मीटरवर असतात, तिथे लांब पट्टे लागतात आणि हॅमॉक खूप वर बांधावा लागतो. सागाखाली आणखी एक गोष्ट: पाऊस थांबल्यावरही त्या मोठ्या पानांवरून टपोरे थेंब तासभर पडत राहतात, त्यांच्या आवाजाने पाऊस सुरूच आहे असं वाटतं. वाळलेलं झाड, नारळ, गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष टाळा. गुलमोहराच्या आणि पर्जन्यवृक्षाच्या फांद्या पावसात कशा कोसळतात ते ठाण्याच्या रस्त्यांवर दर वर्षी दिसतं. खोडाला किमान अडीच सेंमी रुंद पॉलिएस्टरचा पट्टा लावा, दोरी सालीत रुतते. खिळा तर नाहीच.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि कर्नाळा अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे रात्र काढायची नाही. खारघरच्या डोंगरातल्या धबधब्यांच्या परिसरात पावसाळ्यात प्रवेशबंदीचे आदेश निघतात, तेही पाळायचे. मुरबाड, शहापूर, कर्जत, पेणकडे ओळखीच्या शेतकऱ्याची बाग विचारून घेणं हाच चांगला मार्ग. त्याला जागा, ओढ्याला पाणी कुठवर चढतं आणि कोणतं झाड पोकळ आहे, हे सगळं ठाऊक असतं. ओढ्याच्या पात्रात आणि काठाच्या सखल जागेत कधीच टांगू नका. घाटात पडलेला पाऊस खाली आभाळ मोकळं असतानाही पाणी आणतो.

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार पाऊस. ठाणे-रायगडला अति जोरदारचा इशारा असेल तर बेत रद्द करावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता. तशा पावसात टार्पचा प्रश्नच उरत नाही, माणसाने घरात असावं.

तरीही ओलं झालं तर

पाणी कुठून आलं ते ओळखता येतं. थेंब शिवणीच्या रेषेत असतील तर शिवण गळते. आतल्या सगळ्या कापडावर बारीक, सारखे थेंब असतील तर ती हवेतली ओल आहे, आणि मोठी सर कापडावर आपटली की तेच थेंब झटकून तुषारासारखे अंगावर येतात. लोक याला गळती समजून टार्प बदलतात. झाप उघडावा, पाखं थोडं उचलावं आणि कोरड्या फडक्याने आतून पुसावं. हॅमॉकच्या फक्त टोकांशी ओल असेल तर पाणी पट्ट्यावरून आलं आहे. पावसाळ्यात शेवाळलेल्या खोडावरून पाण्याची धार वाहते, ती पट्टा धरून सरळ हॅमॉकपर्यंत येते. टार्पच्या आत, हॅमॉकच्या टोकाआधी पट्ट्यावर सुती नाडी बांधली की ती तिथेच गळून जाते. कॅराबिनर किंवा कडी मध्ये असेल तर पुष्कळसं पाणी तिच्यावरूनच खाली ठिबकतं, तरी नाडी बांधावीच. पाठीकडून गार लागतं ते बहुधा ओलीमुळे नसून खालून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे. पाठीखाली फोमची मॅट सरकवा.

पाखं सपाट लावून ओसरी केली असेल तर एक कोपरा मुद्दाम खाली ठेवा. कापडात खळगा पडून पाणी साचलं तर एक चौरस मीटरवर १० सेंमी पाण्याचं वजन १०० किलो होतं. त्याने शिवण उसवते किंवा आढ्याची दोरी तुटते, आणि सगळं पाणी झोपलेल्या माणसावर येतं.

पावसात आल्यावर टार्प पहिला लावायचा, बॅग त्याखाली नेऊन मगच उघडायची, हॅमॉक नंतर. निघताना उलटा क्रम. हे जलद व्हावं म्हणून टार्पवर जाळीची लांब नळी चढवून ठेवतात. नळी सरकवली की टार्प दोरीसारखा गुंडाळला जातो आणि पाणी जाळीतून निथळतं. ती बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवावी, आत हॅमॉकजवळ नाही.

नवा टार्प आणला की घरीच दोन चाचण्या करा. कापडाची झोळी करून त्यात चार लिटर पाणी दहा मिनिटं ठेवा, खालून ओल येते का पाहा. मग सोसायटीच्या बागेत परवानगी काढून, नाहीतर गच्चीवर दोन खांबांना, जूनच्या पहिल्या पावसात रात्रभर बांधून ठेवा. सकाळी पाखं किती सैलावलं आणि कोणती गाठ सरकली ते दिसतं.

परत आल्यावर त्याच दिवशी पंख्याखाली किंवा न्हाणीघरातल्या दोरीवर पसरा, दुसऱ्या दिवशी उलटा करा. शिवणी आणि फास सर्वांत शेवटी वाळतात, तिथे बोट लावून पाहा. वॉशिंग मशीन नको, साध्या पाण्याने चिखल धुवा. ठेवताना सैल गुंडाळून सुती पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये नाही, आणि भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या तळात तर मुळीच नाही.

जुन्या घरांची शाकारणी मृगाआधी व्हायची, तशी टार्पचीही करावी. मेच्या शेवटच्या आठवड्यात तो बाहेर काढून उन्हाकडे धरायचा. कापड पातळ झालेलं असेल किंवा टाके ताणले असतील तर उजेड ठिपक्यांनी दिसतो, तिथे सिलिकॉनचा हात द्यायचा. इलॅस्टिकच्या दोऱ्या ओढून सोडायच्या. ज्या पटकन परत येत नाहीत त्या दर वर्षी बदलायच्या, आणि सुती नाड्या काळ्या पडल्या असतील तर त्याही.